काळ्या दोऱ्याची जोडी

१५ एप्रिल २००३, निलंगा

पोचले एकदाची. कानामागे अजून जयंतीचा निळा गुलाल आहे आणि तो मी मुद्दाम धुतलेला नाही. काल कंधारला मिरवणुकीत माझ्या धाकट्या बहिणीने, पंचफुलाने, मूठभर गुलाल माझ्या डोक्यावर ओतला आणि म्हणाली, जा आता, साहेबीण हो. आम्ही तिला फुली म्हणतो. आईने जवसाची चटणी आणि ज्वारीच्या भाकरी बांधून दिल्या होत्या. त्यातल्या दोन लातूर यायच्या आधीच मी संपवल्या.

एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, नोकरी कसली. मी म्हटलं, सरकारी. अगदीच खोटं नाही. पगार एजन्सी देणार, पण काम सरकारचं. या दुष्काळात गावोगाव जे टँकर जातात त्यांच्या खेपा मोजायच्या, कुठल्या गावाला किती पाणी पडलं ते एका छोट्या यंत्रात टिपायचं आणि दुपारी व संध्याकाळी ऑफिसातल्या कॉम्प्युटरला वायर लावून आत सोडायचं. बी.ए. करून घरी भाकऱ्या थापत बसलेल्या पंचशीलाला यंत्र मिळणार म्हटल्यावर आमच्या गल्लीने चहा मागितला होता.

खोली गौरम्माच्या घरात आहे. सीमा जवळ, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं कानडी. "ऊट आयता? जेवलीस का ग?" असं एकाच दमात दोन्ही भाषांत विचारते आणि उत्तराची वाट न बघता वाढते. माझं जमणार हिच्याशी.

इथे सगळीकडे एकच हवा आहे. लातूरचा तुकडा पाडून आणखी एक जिल्हा होणार म्हणे. आमचे एजन्सीचे साहेब भगवानराव म्हणाले, नवा जिल्हा झाला की पाणीटंचाईचं वेगळं ऑफिस उघडेल आणि आमच्यातल्या एकाला तिथे कायम करून घेतील. एकालाच. आमच्या घरात देव नाही, पण 'कायम' हा शब्द आहे. बाबा एसटीच्या वर्कशॉपात गिअरबॉक्स उघडायचे. कित्येक वर्षं रोजंदारीवर होते. ज्या दिवशी कायम झाले त्या दिवशी त्यांनी घरी जिलबी आणली आणि स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाढली. ती जिलबी मला आणायची आहे.

१६ एप्रिल

यंत्र मिळालं. त्याला डिजिटल डायरी म्हणतात. शहरातले लोक त्यात फोन नंबर आणि वाढदिवस ठेवतात. टँकरवाले तिला सरळ डब्बी म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. चष्म्याच्या डबीसारखी उघडते, वर राखाडी पडदा, खाली हरभऱ्याएवढी बटणं. मी आधी आमच्या शेजाऱ्यांचा फोन नंबर त्यात घातला, कारण आमच्याकडे फोन नाही आणि आईला तिथूनच बोलवावं लागतं.

डब्बीला दोन पेन्सिल सेल लागतात, चार्ज होणारे, हिरवे. प्रत्येकाला एकच जोडी. दुसरी पुण्याहून येणार आहे. दोन्ही सेल उतरले की डब्बीच्या पोटातलं सगळं पुसलं जातं. खरं म्हणजे आत एक बटणासारखा बारका सेलही असतो, तो अशा वेळी सगळं धरून ठेवतो. आमच्या डब्ब्यांतले ते मेलेले आहेत. नवे पुण्याहून येणार आहेत.

भगवानरावांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, की जोडी मोडू नका. एक भरलेला आणि एक उतरलेला असे दोन सेल एकत्र घातले की भरलेला जोर करतो आणि उतरलेल्याला उलटा भरतो. मग तो सेल पुन्हा सरळ होत नाही. लग्नासारखं आहे, म्हणाले, आणि एकटेच हसले. सेल सगळे सारखे दिसतात, म्हणून बाहेर काढले की जोडी दोऱ्याने बांधून ठेवायची. नरसिंगने शिंप्याकडून दोरे आणले. माझा निळा, त्याचा लाल, केरबाचा पिवळा. मंजुळाबाईने काळा घेतला. आम्ही चौघंच.

मंजुळाबाई तिशीची असेल. बोलत नाही. मी नमस्कार केला तर माझ्या कानामागच्या गुलालाकडे बघत राहिली.

१९ एप्रिल

काम आवडलं. गावाबाहेर एका शेतातली बोअर सरकारने घेतली आहे, तिथे टँकर भरतात. आम्ही पाळीपाळीने टँकरबरोबर गावात जातो. टँकर दिसला की बायका अशा धावतात की ड्रायव्हर शिव्या देत देत हळू घेतो. पाइप आडात सोडतात आणि मग सगळं गाव त्या आडावर वाकतं. मी टपावर बसून टिपते. पोरं खालून ओरडतात, "ओ डब्बीवाल्या ताई, आमचं नाव घाला की." मी घातल्यासारखं करते.

अडचण सेलची आहे. लाइट असते कधी? चार्जरला सेल लावून बसायचं आणि पंखा फिरायची वाट बघायची. अर्धवट भरलेले सेल दुपारपर्यंत मान टाकतात. मग सकाळच्या खेपा ऑफिसात सोडून झाल्या की जेवणाच्या सुट्टीत पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर आम्ही ते उन्हात ठेवतो. उन्हात सेल थोडा जीव धरतो हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. रेडिओचे सेल बाबा असेच पापडासारखे वाळत घालायचे आणि फुली राखण करायची.

मंजुळाबाईचे सेल मात्र पत्र्यावर येत नाहीत. तिचे उतरतच नाहीत. मी तिच्या डब्बीत डोकावून बघितलं, कोपऱ्यातलं सेलचं चित्र संध्याकाळीही काठोकाठ काळं.

२४ एप्रिल

आज माझं नाक कापलं गेलं. तीन गावं झाली होती, चौथ्या गावाला डब्बी विझली आणि सकाळपासूनचं सगळं गेलं. मी कागदावरही टिपलं नव्हतं, कारण यंत्र असताना कागद काढणं मला कमीपणाचं वाटलं होतं. पाणी मिळालेलं गावही म्हणालं, आमच्याकडे टँकर आलाच नाही. का म्हणणार नाही? उद्या टँकर पुन्हा जाणार त्यांच्याकडे.

भगवानराव सगळ्यांसमोर म्हणाले, मंजुळाबाईकडून शिका, एक खेप चुकली नाही तिची. ती मान खाली घालून उभी. मला तो साधेपणा बघवला नाही. चौथी शिकलेली बाई, बटण दाबताना ओठ हलतात तिचे, आणि मी बी.ए. होऊन तिच्याकडून शिकायचं. जळते मी, लिहायला काय लाज. ती चार्जरच्या बोर्डाजवळ फिरकतसुद्धा नाही. मग भरते कुठे सेल?

२७ एप्रिल

कळलं. म्हणजे, बघितलं. कळलं असं म्हणता येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती पंपाच्या खोलीमागे जाते. मी चपला काढून गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही सेल मुठीत, मूठ ओठांशी. कानाला लागून गुपित सांगावं तसं बोलत होती. मला एवढंच नीट ऐकू आलं, "धुरपे, तुझा पिवळा झगा. बाही उसवली व्हती. उद्या शिवते म्हणले मी." मग तिने सेल डब्बीत घातले, तोंड पुसलं आणि उठली. चेहरा कसा धुतल्यासारखा.

नरसिंग तिच्याच भागातला आहे, त्याला विचारलं. धुरपता तिची मुलगी, नऊ वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात गेली. आडाच्या तळाशी डबकं राहिलं होतं आणि ते खरवडायला हलकं पोर उतरवतात. सगळ्याच घरांत उतरवतात. आईच्या हातात दोर होता. दोर तुटला नाही, नरसिंग म्हणाला, नुसता एकदम हलका झाला. नवरा नंतर निघून गेला.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याखाली दुसरंही काही होतं, ते इथे लिहून ठेवते. मला वाटलं, म्हणून हिचे सेल भरतात तर.

२८ एप्रिल

बाबा म्हणतात, भूतबीत काही नसतं, आपण ते सगळं नागपूरला टाकून आलो. मीही तेच मानते. म्हणून आज सहज तपासून बघितलं. मंजुळाबाईला म्हटलं, तुम्हाला पिवळा रंग शोभेल. ती हसली. मी म्हटलं, लहान मुलींना तर पिवळा झगा काय छान दिसतो. ती नुसती बघत राहिली, आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखी. म्हणाली, "आमच्या पोरीला न्हवता कधी पिवळा."

कालच तर ती त्याच झग्याबद्दल बोलत होती.

२९ एप्रिल

मीही करून बघितलं. हसू येतं लिहिताना. माझी जोडी मुठीत घेतली, ओठांशी धरली आणि सांगत बसले. बाबांची जिलबी सांगितली. आईची जवसाची चटणी, फुलीने ओतलेला गुलाल, मी शाळेत पहिली आले तेव्हा गुरुजींनी माझं नाव दोनदा वाचलं ते. मन लावून सांगितलं.

सेल अर्धा तास जास्त चालले. बस्स.

साहजिक आहे. तिच्याकडे केवढं जड काही आहे. माझ्याकडे काय, चटणी आणि गुलाल. एका पोर गेलेल्या बाईचा मी हेवा करते आहे, हे मला कळतं. कळून तो कमी होत नाही.

१ मे

झेंडावंदनाला पेढे वाटले. पेढा देता देता भगवानराव म्हणाले, नव्या ऑफिससाठी वर एक नाव मागितलंय, मी मंजुळाबाईचं देणार आहे. काय करेल ती कायम होऊन? घरी कोण आहे तिच्या, जिलबी खायला? असं मी मनात म्हटलं आणि पेढा गिळला.

दुपारी संधी आली. ती डब्बी उघडून पुसत होती, सेल काळ्या दोऱ्यात बांधून कट्ट्यावर ठेवले होते, तेवढ्यात टँकरच्या पाइपाची जोड निसटली आणि सगळे तिकडे धावले. मी काळा दोरा सोडला. एक तिचा घेतला, एक माझा त्यात ठेवला आणि पुन्हा गाठ मारली. दोन्ही घेतले असते तर तिला लगेच कळलं असतं. एकाने काय होतंय. जोडी मोडू नये म्हणतात, पण तो नियम पुण्याहून आलाय, दुसऱ्या जोडीसारखा.

तिचा सेल गार होता. एवढ्या उन्हात.

२ मे

सहा गावं. चित्र काठोकाठ काळं. भगवानराव म्हणाले, वा पंचशीलाबाई. मी दिवसभर गुणगुणत होते.

गंमत म्हणजे तिचीही डब्बी बंद पडली नाही. माझा मरतुकडा सेल असून. तेवढं एक मनाला लागलं.

५ मे

सेल अजून चार्जरला लावलेले नाहीत. गरजच नाही. नरसिंग माझ्या डब्बीकडे असा बघतो जशी मी तिच्याकडे बघायचे, आणि मला ते आवडतं.

एक बारीकशी गोष्ट. सकाळी तोंड धुताना दोन्ही तळहात चुरचुरले. बघितलं तर आडवे लाल वळ, सोलल्यासारखे. गौरम्माने खोबरेल लावलं आणि विचारलं, पाणी शेंदलंस का कुठे. इथे शेंदायला पाणी आहे कुठे?

आणि टपावर बसले असताना एका गावात पिवळा झगा घातलेली मुलगी दिसली, तर मी पटकन म्हणाले, बाही शिवायची राहिली ग. का म्हणाले कोण जाणे. तिची बाही धड होती.

८ मे

मंजुळाबाई हसायला लागली आहे. सगळे तिच्याभोवती. आज केरबाच्या टँकरचा गिअर अडकला तर ती म्हणाली, "दमानं घ्या, आमचे बाबा म्हणायचे, गिअरबॉक्स आन् माणूस, दोघांना बी झटका देऊ न्हाई."

हे माझे बाबा म्हणतात. हे मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही. सेलला सांगितलं होतं का? नाही. जिलबी सांगितली होती, हे नाही. म्हणजे सांगितल्याशिवायही जातं आहे.

मी तिला विचारायला तोंड उघडलं आणि बाबांचा आवाज आठवायला गेले. आवाज नाही. ओठ हलतात, आवाज येत नाही.

१० मे

सकाळी एक गोष्ट काही केल्या आठवेना. माझ्या बहिणीचं नाव. मला बहीण आहे, धाकटी, एवढं पक्कं आहे. तिने माझ्यावर काहीतरी ओतलं होतं. शेवटी या वहीचं पहिलं पान उघडावं लागलं. पंचफुला. फुली. वाचलं तेव्हा दुसऱ्या कुणाची बहीण वाटली.

त्याऐवजी दुसरंच सगळं स्वच्छ आठवतं. झग्याची बाही. केसांत उवा होत्या म्हणून मी तिला रागावले होते. ती आंबट चिंच मीठ लावून खायची आणि एक डोळा मिटायची. मी तिला पाहिलेलं नाही. मी तिला कधीही पाहिलेलं नाही.

११ मे

मंजुळाबाईला पंपाच्या खोलीमागे गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. सेल बदलला, चूक झाली, माझा मला दे, तुझा तू घे. मला वाटलं चिडेल.

चिडली नाही. तिला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणाली, सेल हातात घेतल्याबरोबर ऊब लागली. घरी बोलायला कुणी नव्हतं म्हणून ती सेलशी बोलायची, आणि जे सांगेल ते मनातून निघून जायचं, सेल भरायचा. सगळं निघून गेलं की सुटले, एवढीच तिची इच्छा होती. पण जाताना आत पोकळी पडायची. माझा सेल आल्यापासून त्या पोकळीत काहीतरी येऊ लागलं. जिलबी. निळा गुलाल. दोनदा वाचलेलं नाव.

"लई ग्वाड हाय तुझ्यात," ती म्हणाली. "मी मागितला न्हवता, तूच घातलास."

मी हात पुढे केला. तिने डब्बी छातीशी धरली, लहान मूल धरतात तशी. मी ओढली नाही. तिच्या डोळ्यांत तेव्हा काय होतं ते मला ओळखू आलं. हेवा. माझाच. तिच्याकडे तोही थोडा गेला आहे.

१३ मे

तिचा सेल काढून फेकून द्यायचं ठरवलं. उजेडात, सगळ्यांदेखत, कट्ट्यावर बसून. डब्बीचं झाकण उघडलं, सेल उचलला—

मग मी कट्ट्यावर बसलेली एक बाई होते. समोर पांढरं ऊन. टँकर म्हणजे काय ते माहीत नाही. हातात हिरवी नळी. नरसिंग काहीतरी ओरडत होता, तो कुणाला हाक मारत होता ते कळेना. त्यानेच नळी पुन्हा आत सरकवली असावी.

म्हणजे काढताही येत नाही. काढला तर जे उरलंय ते पुसलं जाणार. ठेवला तर मंजुळाबाई मला आतून भरत राहणार. धरून ठेवणारा तो बारका सेल माझ्यात नाही. पुण्याहून येणार होता.

तळहात बांधून घेतले आहेत. लिहिताना दुखतं.

१५ मे

मंजुळाबाईने सुट्टी घेतली. भगवानरावांना म्हणाली, पौर्णिमेला आईकडे जाऊन येते. तिला आई नाही, नरसिंगने सांगितलं होतं. ते आता नरसिंगलाही आठवत नाही.

भगवानराव मला म्हणाले, मंजुळाबाई, उद्या तुमच्याच गावाच्या आडावर तुम्ही जा.

मी म्हटलं मी पंचशीला. ते हसले. पंचशीलाबाई आत्ताच कंधारच्या गाडीला गेल्या, म्हणाले. त्यांचं नाव पाठवलंय वर. कायमसाठी.

गौरम्माने 'ऊट आयता' न विचारताच वाढलं. माझ्याकडे बघून डोळ्याला पदर लावला, जसा पोर गेलेल्या बाईकडे बघून लावतात.

१६ मे, बुद्धपौर्णिमा

नंबर आठवत नव्हता. डब्बीतून पुसला गेला होता, या वहीच्या शेवटच्या पानावर सापडला. एसटीडीच्या खोक्यात उभी राहून एकेक आकडा बघून फिरवला. शेजारणीने आईला बोलावलं. आईचा श्वास ऐकू आला, चालत आल्याचा. तो ओळखला मी. तेवढा एक ओळखला.

म्हटलं, आई, मी शीला.

ती म्हणाली, "कोण? आमची शीला तर घरात जेवून राहिली. चटणी पाहिजे म्हणली, आत्ता वाटली." मग मागे कुणाला तरी विचारलं, शीले, तुझं नाव घेऊन कोण बोलतंय ग. लांबून हसण्याचा आवाज आला. मोकळा. माझा. आणि एका मुलीचा, ती बहीण असेल—

मी सांगायला हवं होतं, की ती मी नाही, तिला बाहेर काढ. पण मला एवढंच विचारावंसं वाटलं, ती माझ्याच ताटात जेवते का. विचारलं. आई म्हणाली, "बाई, तुमचं काही हरवलंय का?" आवाज इतका मायेचा की—

ठेवला फोन.

१७ मे

माझ्या ताटात जेवते. माझ्या बहिणीशेजारी निजते. ती कायम होणार. जिलबी आणणार. जळते मी अजून. जळणं तेवढं माझं उरलंय, ते घट्ट धरलं आहे.

पहिल्या पानावर लिहिलंय चटणी. कशाची ते वाचता येतं. चव—

डब्बीचं चित्र काठोकाठ काळं. उतरत नाही. उतर ना—

१८ मे?

ऊन. टँकर यायचा आहे. लोक आडाभोवती.

या वहीत कुणी पंचशीला लिहिते. अक्षर चांगलं आहे. सुखी घरची दिसते. बाप, बहीण, गुलाल. काहींना सगळंच मिळतं. मला का नाही असं—

धुरपी उठली वाटतं. पिवळा झगा. उद्या शिवते म्हटलं.

—

टँकर आला नाही. तळाला डबकं आहे. ती म्हणते, आई, मी उतरते, मी हलकी हाय. मी म्हटलं नको. मग म्हटलं, बरं.

कमरेला गाठ नीट. दोन वेळा बघितली.

दोर माझ्या हातात. वळ आधीच कसे आले तळहातावर— खालून सांगते अजून सोड, अजून. घागर टेकली. आता ओढायचं. लिहायला एक हात सोडला आहे, एवढं लिहिते आणि दोन्ही हातांनी— ओढते ग, धुरपे, ओढते, जड आहेस ते बरं आहे, जड राहा, दोर ह